कुंभार्ली घाटात तापणारी मारुती ८००: घरच्या पडवीत केलेलं हेडचं काम

गाडी मारुती ८००, २००८ची, एमपीएफआय (इंजेक्शनवाली). मीटरवर १ लाख ८७ हजार किलोमीटर. मुक्काम गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इंजिन एफ८बी: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट, तो फिरवायला टायमिंग बेल्ट, आणि हेड (सिलिंडरच्या ब्लॉकवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. घरच्या घरी खोलायला याहून सोपं इंजिन मिळणं कठीण. साधा पाना-गोटी सेट, एक टॉर्क रेंच आणि मॅन्युअल हाताशी असेल तर हेडपर्यंतचं सगळं काम अंगणात होतं.

तक्रार अशी. चिपळूणपर्यंत गाडी बिनतक्रार येते. पुढे कराडच्या रस्त्याला कुंभार्ली घाट लागला की अर्ध्या चढावर काटा लाल रेषेकडे सरकतो. थांबून बोनेट उघडलं की रिझर्व्ह टाकीतून पाणी उकळून बाहेर आलेलं. घरी परतल्यावर शंभर किलोमीटरमागे अर्धा लिटर पाणी कमी, आणि गाडीखाली जमिनीवर थेंबसुद्धा नाही.

त्याआधी दोन ठिकाणी इलाज झाले होते. एका गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, "आता गाडी तापायचं नावच घेणार नाही" असं सांगून. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की इंजिन संपलं आहे, पिस्टन-रिंगसकट पूर्ण करून घ्या. दोन्ही सल्ले एकही माप न घेता दिलेले. या प्रकरणातला खरा धडा इथेच आहे, म्हणून मोजमापाचा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर देत आहोत.

खोलण्याआधी काय तपासलं

पहिली गोष्ट ऑइलचं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला पांढरट, ताकावरच्या लोण्यासारखा थर होता. हा थर दिसला की लोक थेट हेड गॅसकेटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगवर, बोट ठेवतात. कोकणात मात्र एवढ्यावर विश्वास ठेवू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, रोज दोन-तीन किलोमीटर बाजारापर्यंतच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाशी थिजते आणि ऑइलमध्ये मिसळून हाच थर तयार होतो. त्यातून इथे थर्मोस्टॅट काढलेला, म्हणजे इंजिन आणखीच गार चालणार. खात्री करायची तर डिपस्टिक बघावी. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं फिकट आणि पातळी वाढलेली असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. या गाडीच्या डिपस्टिकवरचं ऑइल काळं, स्वच्छ, पातळीला बरोबर. म्हणजे पाणी ऑइलमध्ये नव्हे, दुसरीकडे जात होतं.

दुसरी गोष्ट रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात होज हाताला टणक लागला. पाणी गरम व्हायच्या आत होज फुगला तर तो दाब वाफेचा नसतो, सिलिंडरमधल्या गॅसचा असतो. रेडिएटरची कॅप थंड इंजिनावर उघडून, मग इंजिन सुरू करून पाहिलं तर बुडबुडे थांबत नव्हते. (गरम इंजिनावर कॅप उघडणं म्हणजे हात आणि तोंड भाजून घेणं. हे कितीही वेळा सांगितलं तरी थोडंच.)

तिसरं, प्लग. एक नंबरचा प्लग तपकिरी, या वयाच्या गाडीला शोभेल असा. दोन आणि तीन नंबरचे मात्र धुऊन काढल्यासारखे पांढरे. पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ होते तेव्हा ती कार्बन धुऊन नेते. सायलेन्सरच्या धुरावरून हे ओळखता आलं नव्हतं, कारण कूलंटचा गोडसर वास तेव्हाच येतो जेव्हा आत कूलंट असतं. इथे आत होतं विहिरीचं पाणी.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चार्ज केलेल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकडे आले: एक नंबर १७०, दोन नंबर ९५, तीन नंबर ९० पीएसआय. दोन आणि तीनमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर पाच-सात पीएसआयपलीकडे वाढ नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर जवळजवळ सारखे पडले आणि ऑइलने फरक पडला नाही, याचा अर्थ दोघांच्या मधल्या पट्टीवर गॅसकेट फुटलेलं.

पक्कं करायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कामी आला. जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग फोडून, उरलेल्या धातूच्या कवचात हवेची नळी बसवली. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वांत वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणला, गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हवा सोडताच शेजारच्या दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून फुसकारा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. ऑइलच्या झाकणातून मात्र हवा जवळजवळ नाही. म्हणजे रिंगा अजून तग धरून आहेत. पूर्ण इंजिन करायची गरज नव्हती, हेडचं काम पुरेसं होतं.

गॅसकेट का गेलं

हे न शोधता नवं गॅसकेट टाकलं तर ते जुन्याच्याच वाटेने जातं. इथे कारणं चार होती आणि चारही एकमेकांत गुंतलेली.

पाणी. काही वर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी पडत होतं. जांभ्याच्या भागातल्या पाण्यात लोह असतं, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मचूळपणा म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. त्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात बुडालेलं, वर गंजरोधक काहीच नाही. रेडिएटरच्या नळ्यांत तांबूस गाळ बसला होता. बादलीचा साधा प्रयोग केला: रेडिएटर सुटा करून वरून पाणी ओतलं. चांगल्या रेडिएटरमधून पाणी ओताल तितक्याच झपाट्याने खाली पडतं. यातून ते करंगळीएवढ्या धारेने येत होतं आणि वरचं तोंड भरून वाहत होतं.

पंखा. रेडिएटरचा पंखा चालू होत होता, पण दमात नव्हता. मल्टिमीटरने पंखा चालू असताना त्याच्या अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं तर १.४ व्होल्ट. हा आकडा ०.२च्या आत हवा. अर्थचं टोक उघडलं तर आत हिरवं पीठ. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक गाडीत हे सापडतं आणि फार थोडे लोक शोधतात. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वीसच्या वेगाने चढते, समोरून वारा लागत नाही, तेव्हा सगळी मदार पंख्यावरच असते.

कॅप. नवी दिसत होती, पण स्प्रिंग ढिली. कॅपवर ०.९ छापलेलं असतं, म्हणजे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरेल इतकी. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप दाब धरत नसेल तर पाणी शंभरालाच उकळतं आणि हेडच्या सर्वांत गरम जागी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भिंतीशी, वाफेचा फुगा तयार होतो. तिथे पाणीच नसल्यामुळे हेड तेवढ्याच जागी वाकतं.

चौथं, थर्मोस्टॅट नसणं. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड राहते हा समज आपल्याकडे घट्ट रुजलाय. रेडिएटर तुंबलेला असताना थर्मोस्टॅट काढून काही साधत नाही. सपाटीवर इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल उतरतं, आणि घाटात व्हायचं ते होतंच. मुख्य नुकसान हे की आजार आणखी काही महिने झाकून राहतो.

तयारी

हंगाम दिवाळी ते शिमग्याच्या मधला निवडला. पावसाळ्यात हे काम उघड्यावर काढू नये. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात आणि किनाऱ्यावरच्या हवेत त्या रातोरात लाल होतात. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून फणसाची जाड फळी खाली घेतली, आणि जॅकवर भरवसा न ठेवता दोन स्टँड लावले.

सामान: पूर्ण हेड सेट (त्यात हेड गॅसकेट, मॅनिफोल्डची पॅकिंग, टॅपेट कव्हरचं रबर आणि व्हॉल्व्हची सहा सील येतात), टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, कॅमशाफ्टचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील, वॉटर पंप, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट, ०.९ची कॅप, वरचा-खालचा होज आणि नव्या क्लिपा, नवा रेडिएटर, तीन प्लग, ऑइल फिल्टर दोन, २० डब्ल्यू ४० ऑइल तीन-तीन लिटरचे दोन डबे. दोन डबे आणि दोन फिल्टर का, ते पुढे येईल. टायमिंग बेल्टची मुदत लाखभर किलोमीटरची. या गाडीतला कधी बदलला याची नोंद नव्हती. हेडसाठी तो काढावाच लागतो, मग जुना परत चढवण्यात अर्थ नाही.

हत्यारांत दोन गोष्टींवर काटकसर करू नये: टॉर्क रेंच (ठरल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या). बाकी सगळं शेजाऱ्याकडून मागून चालतं.

उघडताना

इंजिन रात्रभर थंड झालेलं. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते सुटतानाच वाकतं. इंधन पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. प्रत्येक वायर, प्रत्येक व्हॅक्यूमची नळी सोडण्याआधी कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून दोन्ही टोकांना लावला आणि मोबाइलवर फोटो घेतले.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दोन ठिकाणी. पहिलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या पाइपचा जोड. खाऱ्या हवेत इथले नट गंजून स्टडशी एकजीव होतात. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारलं, दुसऱ्या दिवशी आधी किंचित घट्ट करून गंज फोडला आणि मग पाव-पाव फेरा मागेपुढे करत सोडले. तरीही एक स्टड तुटलाच. हेडमधला तुटला असता तर त्रास होता. हा मॅनिफोल्डमधला, तुटक्या टोकावर नट वेल्ड करून चिपळूणलाच निघाला. परत बसवताना पितळी नट आणि धाग्यांना तांब्याचं ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी हे होणार नाही.

दुसरं, थर्मोस्टॅटच्या टोपीचे बोल्ट. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर, मध्ये खारट ओल. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. इथे उष्णता चालते, तेलापेक्षा जास्त. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा दुपटीच्या आसपास फुगतं, त्यामुळे बोल्टभोवतीचं घर गरम केलं की पकड ढिली होते. पेट्रोलच्या लाइनचं तोंड बंद करून ती दूर ठेवलेली असताना आणि आजूबाजूला पेट्रोलने भिजलेली फडकी नसतानाच हे करावं.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवल्या: कॅमच्या पुलीवरची आणि क्रँकच्या पुलीवरची. बेल्ट सुटल्यावर दोन्हीपैकी काहीही फिरवायचं नाही. मग हेडचे आठ बोल्ट, बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे, प्रत्येकी अर्धा फेरा, तीन फेऱ्यांत ढिले. हेड चिकटून बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकटण्याचा मोह होतो. ॲल्युमिनियमवर त्याची एक खाच पडली की तिथून पाणी गळतं. मॅनिफोल्डला धरून दोघांनी हलवलं, लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने ठोकलं, सुटलं.

गॅसकेटवर दोन आणि तीन नंबरच्या मधली पट्टी काळी पडून पूर्ण जळालेली होती. निदान बरोबर निघालं.

हेड आणि ब्लॉक

हेड रॉकेलने धुऊन, सरळ पोलादी पट्टी सहा दिशांनी ठेवून (लांबीत दोन्ही कडांनी, रुंदीत दोनदा, दोन्ही कर्णांनी) फिलर गेज घातलं. मर्यादा ०.०५ मिलिमीटर. इथे मध्यभागी ०.१२ची पाती सहज आत गेली. ब्लॉकच्या पृष्ठावर हीच परीक्षा केली, तो ०.०३च्या आत. ब्लॉक न बघता नुसतं हेड फेस करून (मशीनवर सपाट करून) आणणं ही सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी नजर पाण्याच्या भोकांभोवती. मधल्या दोन भोकांच्या काठाला मूग मावेल एवढे खड्डे पडले होते. हे खड्डे सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्याखाली जात असतील तर हेड बाद, किंवा आर्गन वेल्डिंगने भरून फेस करावं लागतं. इथे ते कड्यापासून तीन-चार मिलिमीटर दूर थांबले होते. ॲल्युमिनियमची पूड असलेल्या इपॉक्सीने भरून घेतले, आणि मगच फेसिंग. इपॉक्सी फक्त पाण्याच्या बाजूला चालतं, ज्वाळेच्या बाजूला नाही.

चिपळूणच्या लेथवाल्याने विचारलं, "किती घेऊ?" उत्तर एकच असावं: "सपाट होईल एवढंच घ्या, काका, आणि आधी गरम पाण्यात तपासून बघा." भोकं बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्याच्या टाकीत हेड बुडवलं, तडा असता तर बुडबुडे आले असते. आले नाहीत. मग ०.१५ मिलिमीटर घेतलं गेलं. अंदाजे अर्धा मिलिमीटर काढून "गुळगुळीत" करून देणारे लोक आहेत, त्यांच्यापुढे उभं राहूनच काम करून घ्यावं.

व्हॉल्व्ह घरी काढले. सहा व्हॉल्व्ह, प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून क्रमाने खोवले. मग लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या बसण्याच्या जागेवर (सीटवर) घासून जुळवणं. पेस्ट आधी जाड, मग बारीक. काठीने दोन्ही तळव्यांत घुसळल्यासारखं फिरवायचं आणि दर दहा-पंधरा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. सीटवरचा करडा पट्टा सलग आणि १.३ ते १.५ मिलिमीटर रुंद हवा. एक्झॉस्टपैकी तीन नंबरचा व्हॉल्व्ह कडेला जळालेला, तो बदलला. पेस्टचा कणसुद्धा आत राहता कामा नये, ती पुढे गाइडमध्ये जाऊन झीजच करते. नवी सील लावून, व्हॉल्व्ह बसवून, पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं आणि पाच मिनिटं पाहिलं. सीटकडे ओल आली नाही.

ब्लॉकवरचं जुनं गॅसकेट लाकडी पट्टी आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. ड्रिलला एमरीची चकती लावून झटपट चकाचक करू नये: तिची धूळ रिंगांमध्ये आणि तिथून ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जाते. सिलिंडरमध्ये फडकं, कडेला ग्रीसची रेघ, म्हणजे पडलेला कार्बन ग्रीसला चिकटतो. भिंतींवर होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, आणि वरच्या कडेला नखाला जेमतेम अडखळा लागत होता. दर वेळी काम थांबवताना ऑइलचा हात फिरवून ओलं फडकं वर.

बोल्टची भोकं राहून जातात, आणि याची किंमत मोठी असते. भोकात पाणी किंवा ऑइल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही. टॉर्क रेंच टक्कन वाजतो, पण हेड दाबलेलं नसतं, आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. जुन्या एका बोल्टला हॅक्सॉने उभी खाच पाडून तोच टॅपसारखा फिरवला, गाळ वर आणला, मग हवेने भोकं कोरडी केली.

जोडणी

हेड गॅसकेट कोरडं बसतं. शेलॅक, सिलिकॉन, काही नाही. ब्लॉकच्या दोन डॉवेलवर (खुंट्यांवर) गॅसकेट, वरची बाजू वर, ऑइलचं भोक ऑइलच्या भोकावर. हेड दोघांनी सरळ वरून उतरवलं, घासत सरकवलं नाही. बोल्टच्या धाग्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचं बोट. मध्यापासून बाहेर गोल फिरत तीन टप्पे: २ किलोग्रॅम-मीटर, मग ४, मग ५.५ ते ६ (५५ ते ६० न्यूटन-मीटर). शेवटच्या टप्प्यात रेंच एका दमात फिरवायचा. अडखळत फिरवला तर घर्षणाने आकडा आधीच लागतो.

टायमिंग बेल्ट चढवताना ताण असलेली बाजू आधी तंग करून मग टेन्शनरकडे जायचं. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे, इंजिन फिरतं त्याच दिशेने, आणि पुन्हा खुणा. पहिल्या खेपेला कॅमची खूण एक दात मागे राहिली. कारण सरळ होतं: तंग बाजूला एका दाताएवढी ढील राहिली होती, ती पहिल्या फेऱ्यात टेन्शनरकडे गेली आणि कॅम मागे पडला. बेल्ट उतरवून एक दात सरकवल्यावर दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा नेमक्या बसल्या. एका दाताच्या चुकीवर इंजिन सुरू होतं, म्हणूनच ती लक्षात येत नाही. मग महिनोन् महिने "गाडीला ओढ नाही" असं ऐकू येतं.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या देठामधली फट. लॅपिंगनंतर व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसतो, त्याचं देठ वर येतं आणि फट कमी होते. म्हणून टॅपेट न लावता गाडी सुरू करू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही की जळालाच. थंड इंजिनावर ०.१३ ते ०.१८, गरमवर ०.२३ ते ०.२८ मिलिमीटर. ०.१५ची पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर आहेच असं धरू नये. रॉकर हाताने हलवून बघावा: ज्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर ढिले आणि पिस्टन वर, त्याचे टॅपेट लावायचे, मग क्रँक २४० अंश फिरवून पुढचा. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघणं आलंच.

पाणी, कूलंट आणि पहिली सुरुवात

ब्लॉक आणि हीटरचा मार्ग साध्या पाण्याने उलट दिशेने धुतला, पाणी नितळ येईपर्यंत. ॲसिड किंवा बाथरूम साफ करायचं द्रव वापरू नये; नुकतंच फेस केलेलं ॲल्युमिनियम त्याने खाल्लं जातं.

नव्या मिश्रणात ३० टक्के इथिलीन ग्लायकॉल कूलंट, ७० टक्के डिस्टिल्ड पाणी. कोकणात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून कूलंट नको, असं अनेकांना वाटतं. पण ते गंज थांबवण्यासाठी आणि पंपाच्या सीलला वंगण म्हणून लागतं, आणि सुझुकीसुद्धा थंडी नसलेल्या भागासाठी हेच ३०:७० प्रमाण सांगते. पावसात पागोळ्यांचं पाणी धरून ते वापरता येईल का, असा प्रश्न हमखास येतो. मऊ असतं खरं, पण कौलांवरची धूळ आणि किनाऱ्यावरचं मीठ त्यात उतरतं. बॅटरीच्या पाण्याचे कॅन कुठेही मिळतात, तेच घ्यावेत. "तयार मिश्रण" लिहिलेल्या कूलंटमध्ये मात्र आणखी पाणी घालू नये.

पंख्याची अर्थ वायर नवी ओढली, टोक घासून, घट्ट करून वर ग्रीस. व्होल्टेजची घट ०.१वर आली आणि पंख्याचा आवाजच बदलला.

सुरू करण्याआधी इंधन पंपाचा रिले न लावता स्टार्टर चार-पाच सेकंदांच्या हप्त्यांनी मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग रिले लावून सुरू. कॅप उघडी, हीटर गरमवर, होज अधूनमधून दाबत. थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज अचानक गरम होतो. तेव्हा भरून कॅप लावायची. पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबायचं. पहिली दहा मिनिटं सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणारच, जुनं पाणी तिथे साचलेलं असतं.

दुसरं ऑइल आणि दुसरा फिल्टर ५०० किलोमीटरला बदलला. हेड उतरवताना थोडं पाणी ऑइलच्या मार्गात पडतंच, कितीही जपलं तरी, आणि ओलसर ऑइल बेअरिंगचा घास घेतं. ही बदली टाळून वाचलेले पैसे पुढे क्रँकवर जातात.

निकाल

कॉम्प्रेशन १७५, १७०, १७०. थंड इंजिनावर होज मऊ, बुडबुडे नाहीत. कुंभार्लीची चाचणी दुपारच्या उन्हात, चार माणसं बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये घेतली: काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही, पंखा चढावर दोनदा लागला आणि दोन्ही वेळा बंद झाला. तो बंद होतो, यावरून कळतं की रेडिएटर उष्णता फेकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी रिझर्व्ह टाकीतली पातळी खुणेवरच.

हजार किलोमीटरला टॅपेट पुन्हा तपासले. दोन एक्झॉस्ट ०.१२वर आले होते, नव्या लॅप केलेल्या सीट बसल्यामुळे. परत ०.१५ केले.

एक गोष्ट तशीच आहे. गाडी ऑइल थोडं खाते, तीन हजार किलोमीटरला लिटरभर. व्हॉल्व्हची सील नवी असल्यामुळे आता हा वाटा रिंगांचाच. या मीटरला एवढं खाणं चालवून घेण्यासारखं आहे. दर पंधरवड्याला डिपस्टिक बघायची, हजार किलोमीटरला लिटर जाऊ लागलं किंवा चढावर निळा धूर दिसू लागला की रिंग-पिस्टन काढायचे. तेव्हा हेड पुन्हा उतरेल आणि नवं गॅसकेट लागेल, पण फेसिंग बहुधा लागणार नाही. कूलंट दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर.